बाळंतिणीचा दगड

मोजणीला आली ती धारवाडकडची पोरगी, शिवलीला नाव.
खांद्यावर तिपाई, हातात काचेची पाटी,
आणि आमच्या तांबड्या चिखलाला अजून न ओळखणारे बूट.
मी नुसता काठी धरायला,
चारशे रुपये रोज, दुपारची भाकरी तिच्याकडून.

"ह्या शेताला काय म्हणता?"
तिच्या मराठीला कानडीचा हेल, माझ्या कानडीला मराठीचा,
दोघं मधल्या बांधावर उभे.
म्हटलं, ही जळक्या केंबळाची मळवी.
केंबळ कुठाय?
जळलं की.
कधी?
ते माझ्या आज्याच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं,
खरं नांगरताना अजून कोळसा लागतोय.

त्याच्या खाली कुंभारणीची पट्टी.
हिची माती गाड्या भरभरून खानापूरला गेली,
कौलं होऊन कुठकुठल्या घरांवर बसली,
म्हणून हे शेत बाकीच्यांपेक्षा दोन हात खोल,
ओहोळ फुटला की पहिलं पाणी इथं.
तिनं उंची घेतली. दोन हात नव्हे, दीड मीटर.
मी म्हटलं, हात कुणाचा त्यावर आहे ते.

मग गव्याचं लोळण.
एका रात्री रानातला गवा आणि गावचा रेडा झुंजले इथं.
भरमू सुतार छातीवर हात ठेवून सांगायचा, रेडा जिंकला.
गव्याकडून बोलायला गावात कोण नव्हतं,
म्हणून तसंच ठरलं.

सातेरीच्या वारुळापाशी मी काठी खाली ठेवली.
हे मोजायचं नाही, बाई. मोजलं की वाढायचं थांबतं.
वाटलं, हसेल. तिनं बूट काढले,
अनवाणी लांबून वळसा घालून गेली.
नकाशात तिथं रेघ जराशी वाकलेली आहे,
त्या पानावर तेवढीच एक.

आणि शेवटी राईच्या तोंडाला तो दगड.
काळा, म्हशीएवढा, पोटाशी चीर, चिरेत बारमाही ओल.
सांगितलं: जांबोटीच्या बाजाराला निघालेली बाई
इथं अडली, कोण सोबत नाही,
दगडाला पाठ लावून बाळंत झाली.
तहान तहान केली तेव्हा दगड फुटला.
मग लेकरू पोटाशी धरून कोकणाकडं उतरली.

शिवलीलाची पाटी खाली आली.
"आमच्याकडं पण आहे. बाणंतिकल्लु.
माझी अज्जी दाखवायची. खरं ती बाई वर चढून आलेली,
कोकणातनं, उन्हाकडं निघालेली."
उतरली.
नाही, चढली.
पायवाटेकडं बघत बराच वेळ भांडलो आम्ही,
जणू ती आत्ताच वळणाआड गेली होती.

दुंडव्वा शेळ्या घेऊन राईतनं येत होती, तिला विचारलं.
ती म्हणाली, "कुठं जातीय ती?
दहा दिवस झाल्याशिवाय बाळंतीण उठती होय?
दुपारी कान लावा. पाळण्याची दोरी वाजतीय."
आणि शेळीला एक शिवी हासडून ओढ्याकडं गेली.

राईत आभाळ दिसेना, पाटीला उपग्रह सापडेना.
शिवलीला पाटी हात उंच करून फिरवत राहिली,
मी काठी धरून, मान अवघडून.
दुंडव्वा पाणी पाजून परतली तेव्हा आम्ही तिथंच.
तिनं कनवटीची डबी काढली, बोटावर चुना घेतला,
दगडाच्या कपाळाला एक बोट ओढलं.
"घ्या. हितनं मोजा."

दोन महिन्यांनी कागद आला.
गट नंबर, एकर, गुंठे,
आणि कोपऱ्यात हातानं लिहिलेला एक शब्द.
कानडी मी बोलतो, वाचता येत नाही.
दुकानदाराच्या लेकीकडं नेला, ती कानडी शाळेत जाते.
तिनं बोट ठेवून फोड केली:
"बाणंति. पुढं बाण काढलाय."
कुठल्या अंगाला?
पोरीनं कागद फिरवून बघितला, आडवा धरला, उभा धरला.
"दोन्ही टोकांना टोक आहे की, मामा."